डी ड्राइव्हचा बांध

ऋषिकेशला लग्नाआधी दोन खोल्या हव्या होत्या, आणि गंमत अशी की त्या दोन खोल्या त्याच्या डोक्यावरच होत्या. माणमध्ये गेणबांच्या इमारतीत तो कॉट बेसिसवर राहायचा, म्हणजे एका खोलीत चार खाटा आणि त्यातली खिडकीजवळची त्याची. त्या खोलीच्या बरोबर वर दोन खोल्यांचं एक बिऱ्हाड रिकामं पडून होतं. स्वयंपाकाचा ओटा होता, नळ होता, पूर्वेला खिडकी होती. दाराला मात्र एक सोडून दोन कुलुपं होती. एक गेणबांच्या थोरल्या मुलाचं, शेखरचं, आणि दुसरं धाकट्याचं, नरहरीचं.

गेणबांचं रान आयटी पार्कात गेलं, त्या पैशातून ही इमारत उभी राहिली, आणि इमारत उभी राहिल्यावर दोघे भाऊ वेगळे झाले. माणमध्ये हे इतकं रीतीला धरून होतं की कुणी फारसं हळहळलं नाही. गावच्या पाच पंचांनी वाटणी करून दिली. भाड्याच्या खोल्या शेखरला, जेसीबी आणि रस्त्याकडचे गाळे नरहरीला. वरचं बिऱ्हाड खरं तर गेणबा आणि त्यांच्या बायकोच्या, रत्नाबाईंच्या, म्हातारपणासाठी बांधलेलं, पण दोघांनीही जिना चढायला साफ नकार दिला, त्यामुळे ते कुणाच्याच वाट्यात बसलं नाही. थोरल्याने त्याला कुलूप लावलं, ते बघून धाकट्याने शेजारी आपलं लावलं. त्याला तीन वर्षं झाली. दोघे एकाच ओसरीवरून ये-जा करत आणि एकमेकांशी अवाक्षर बोलत नसत. निरोप असला तर तो आईला सांगायचा, आणि समोरच बसलेल्या भावाला आईने तो पुन्हा सांगायचा, अशी पद्धत पडली होती. रत्नाबाई ते काम न चिडता करायच्या.

ऋषिकेश मूळचा कंधारचा. आयटी पार्कातल्या एका कंपनीत तो सर्व्हर सांभाळायचा. अंबाजोगाईच्या क्षितिजाशी त्याचं लग्न ठरलं होतं, कार्तिकातली तारीख निघाली होती, आणि तिचे वडील दर आठवड्याला फोन करून अगदी गोड आवाजात विचारायचे, "जावईबापू, घराचं काय झालं?" माणमधल्या कुटुंबाला राहता येईल अशा खोल्या केव्हाच भरल्या होत्या, आणि नवीन बांधलेल्या फ्लॅटांचं भाडं ऐकूनच तो परत फिरला होता. क्षितिजा समजूतदार होती. "घर मिळेपर्यंत मी इथेच आईकडे राहीन, तू सुट्टीला येत जा, त्यात लाजण्यासारखं काही नाही," असं तिने सांगून टाकलं होतं. लाजण्यासारखं नव्हतंच. पण साखरपुड्यापासून रोज संध्याकाळी तो जिन्याच्या चौथऱ्यावर उभा राहून तिच्याशी बोलायचा, कारण रेंज तिथेच यायची, आणि बोलून झाल्यावर चार खाटांच्या खोलीत जाताना त्याला फार एकटं वाटायचं. त्याला ती फोनमधून बाहेर आलेली हवी होती.

त्याने शेखरला विचारून पाहिलं. शेखर म्हणाला, "माझी काय बी हरकत न्हाई, त्याला इचारा." नरहरीला विचारलं. नरहरी म्हणाला, "मी आत्ता काढतो की कुलूप. आदी त्यानं काढावं." ऋषिकेशने हे दोन-तीनदा करून पाहिलं आणि नाद सोडला.

तेवढ्यात कम्प्युटर भरला.

हा कम्प्युटर घर एकत्र होतं तेव्हाचा. भाड्याचा हिशेब ठेवणारा एक प्रोग्रॅम त्यावर कुणीतरी बसवून दिला होता आणि तो बसवणारा माणूस नंतर कुणाला कधी दिसला नाही. वाटणीच्या वेळी पंचांनी भांडीकुंडी, गाई आणि सतरंज्यांबरोबर कम्प्युटरही वाटला होता. त्याच्या डिस्कचे दोन भाग होते, सी आणि डी. सी थोरल्याला, डी धाकट्याला. पुढे मूळ यंत्र जळालं, डिस्क तेवढी वाचली, तेव्हा ऋषिकेशने त्यातलं सगळं जसंच्या तसं उचलून एका नव्या कम्प्युटरच्या पोटात ठेवलं होतं. अशा यंत्राला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. खऱ्या कम्प्युटरच्या आत दुसरा कम्प्युटर, जो पडद्यावर दिसतो, चालतो, पण हाताला लागत नाही. "मशीन खरं नाही, फक्त आतमध्ये आहे," असं त्याने तेव्हा घरच्यांना समजावलं होतं आणि घरच्यांनी माना डोलावल्या होत्या. ओसरीवर जिन्याखाली, जिथे कुणाचीच हद्द नव्हती, तिथे तो ठेवलेला असे.

शेखरने आपल्या सीमध्ये प्रत्येक भाडेकरूचा फोटो, ओळखपत्रं, पोलिसांना द्यायचे कागद, असं सगळं भरून ठेवलं होतं. एके दिवशी जागा संपली आणि प्रोग्रॅम उघडेना. "काय बी करा पर हे चालू करा," असं म्हणत तो ऋषिकेशच्या खाटेवर येऊन बसला.

ऋषिकेशच्या दृष्टीने हे चहा पिता पिता करायचं काम होतं. हाताला न लागणारी डिस्क मोठी करायला दुकानात जावं लागत नाही. आकडा बदलला की ती मोठी होते. अडचण एवढीच होती की वाढलेली जागा अगदी शेवटी, डीच्या पलीकडे येते, आणि सीला वाढायचं तर ती त्याच्या लगत हवी. म्हणजे मधल्या डीला पलीकडे सरकवावं लागणार होतं. डी नरहरीचा. त्यात त्याच्या जेसीबीच्या तासांची एक लहानशी फाइल होती आणि बाकी सगळी जागा ओस पडलेली होती.

नरहरी गाळ्यासमोर जेसीबीच्या सांध्यांना ग्रीस लावत होता. ऋषिकेशने त्याला कागदावर तीन चौकोन काढून दाखवले.

"मंजी माझी जागा कमी व्हनार?" नरहरीने विचारलं.

"अजिबात नाही. जेवढी आहे तेवढीच राहील. फक्त उजवीकडे सरकेल."

"मग मी कशापायी सरकू? पलीकडं मोकळं हाय तर त्यानं पलीकडं जाऊन घ्यावं. एक तुकडा हितं, एक तितं. आमचं रान पाच ठिकानी व्हतं, कुनाचं काय अडलं न्हाई."

"तो जुना प्रोग्रॅम सी सोडून दुसरीकडे बघतच नाही. त्याला एकसलग लागतं."

नरहरीने ग्रीसचं बोट फडक्याला पुसलं आणि बराच वेळ चौकोनांकडे पाहिलं. "मंजी बांध हलवायचा म्हना की."

"तसंच समजा," ऋषिकेश म्हणाला, आणि इथेच तो फसला. कंधारकडे बांध हलवायला एक लबाड शेजारी आणि काळोख पुरतो. माणमध्ये पंच लागतात.

"बांध मंजी पंच बसनार," नरहरी म्हणाला. "आन तुमी त्याचे भाडेकरू. तुमी त्याच्याच बाजूनं बोलनार. तवा तुमाला बेलभंडार उचलावा लागंल."

ऋषिकेशच्या डोक्यात तेव्हा वरच्या दोन खोल्या होत्या. त्याने सरळ सौदा मांडला. बांध दोघांच्या मनासारखा बसला तर दोघांनी वरचं कुलूप काढायचं आणि बिऱ्हाड त्याला द्यायचं. नरहरीने रत्नाबाईंना सांगितलं, रत्नाबाईंनी शेखरला सांगितलं, शेखरने हो म्हटलं, आणि ते हो त्याच वाटेने परत आलं. पंचांनी गुरुवार ठरवला. ऋषिकेशने रजा टाकली आणि संध्याकाळी क्षितिजाला सांगितलं की गुरुवारी बहुतेक घर मिळतंय. "गुरुवारी कुणाची रजिस्ट्री आहे का?" तिने विचारलं. "नाही, पार्टिशन सरकवायचं आहे," तो म्हणाला. ती म्हणाली, की तू जेवत तरी जा वेळेवर.

गुरुवारी सकाळी ऋषिकेशने पहिलं काम केलं ते त्या आख्ख्या मशीनची प्रत काढण्याचं. एक त्याच कम्प्युटरवर ठेवली आणि एक पेन ड्राइव्हवर घेऊन तो शर्टाच्या खिशात टाकला. हे त्याने विचार करून केलं नाही. त्याच्या धंद्यात प्रत काढल्याशिवाय कुणी पार्टिशनला हात लावत नाही, आणि लावणाऱ्याला पुन्हा कुणी हात लावू देत नाही.

पंच आले. पुढे हैबतराव, अंगाने वाळके, आवाज मात्र शिवारभर जाईल असा. त्यांच्या मागे नथू, जे सगळ्यांचं ऐकून घेत आणि शेवटी हैबतरावांसारखंच म्हणत, आणि बाकीचे तिघे. ओसरीवर सतरंजी पडली. एका कडेला शेखर बसला, दुसऱ्या कडेला नरहरी, मध्ये खाटेवर गेणबा. दोन्ही घरांतून चहा आला आणि दोन्ही परत गेला, कारण बांध बसेपर्यंत पंच कुठल्याच धन्याच्या घरचं काही घेत नाहीत. पायरीवर नारळ फुटला. आता सुरुवात करायची तर ऋषिकेशला वाटलं, म्हाताऱ्या माणसांना धीर द्यावा.

"घाबरायचं काहीच कारण नाही," तो म्हणाला. "काही बिघडलंच तर माझ्याकडे आत्ताची प्रत आहे. एक बटण दाबलं की सगळं पहिल्यासारखं होतं."

हैबतरावांनी हातातली नारळाची वाटी खाली ठेवली. कंपनीत हेच वाक्य बोललं की साहेब लोक खूश होतात.

"पहिल्यासारकं मंजी?" हैबतरावांनी विचारलं. "बांध पुन्ना जुन्या जागी जातो?"

"हो. हवं तेव्हा."

"मग आमी कशाला आलो?" हैबतराव म्हणाले. "आमी दगड बसवायचा, जेवून घरी जायचं, आन उंद्या ज्याला वाटंल त्यानं बटान दाबायचं? आमच्या हितं जुना दगड उपटला की फोडत्यात. मागं फिरायची वाट ठिवून बांध हलवत न्हाईत."

"फोडत्यात," नथू म्हणाले.

"पण प्रत नसेल आणि मध्येच काही झालं तर दोघांचंही सगळं जाईल," ऋषिकेश म्हणाला.

"आसं कंदी झालंय का?"

"माझ्या हातून नाही झालेलं."

"मग पुसा ती."

ऋषिकेशने शेखरकडे पाहिलं. शेखर छताकडे बघत होता. नरहरी म्हणाला, "पुसा, मंग बसवा. न्हाईतर राहू द्या, माझं काय अडलंय." मग ऋषिकेशने पंचांच्या देखत कम्प्युटरवरची प्रत पुसली. कचऱ्याची पेटीही रिकामी करून दाखवली. हैबतरावांनी रत्नाबाईंकडून देव्हाऱ्यातला भंडारा मागवला, त्यावर बेलाचं पान ठेवलं आणि ते त्याच्या ओंजळीत दिलं.

"म्हना, खंडोबाची आन, ह्याची दुसरी प्रत माज्यापाशी न्हाई."

पेन ड्राइव्ह त्याच्या खिशात होता. तो काढून समोर ठेवणं सोपं होतं. पण मग तोही पुसावा लागला असता, आणि प्रतीशिवाय काम करायला त्याचा हात धजला नसता, आणि मग दोन कुलुपं आणि क्षितिजा अंबाजोगाईला. शिवाय हे काय, थोडी हळद आहे, असंही त्याने स्वतःला सांगून पाहिलं. ते काही पटलं नाही. त्याच्या घरचं कुलदैवत माळेगावचा खंडोबाच होता आणि लहानपणी याच भंडाऱ्याने त्याचं कपाळ भरायचं. "खंडोबाची आण, याची दुसरी प्रत माझ्यापाशी नाही," तो म्हणाला. त्याला स्वतःची मनापासून लाज वाटली. मग त्याने हात शर्टाला पुसले आणि काम सुरू केलं.

पडद्यावर एक निळी पट्टी आली आणि गोगलगाईच्या गतीने सरकू लागली. पाच पंच, दोन भाऊ आणि गेणबा त्या पट्टीकडे बघत बसले. जुना दगड उपटल्यापासून नवा बसेपर्यंत कुणी जागचं उठायचं नसतं, असं हैबतरावांनी सांगितलं होतं, त्यामुळे कुणी उठेना. ऋषिकेशने टपरीवरून चहा मागवला. तो कुणाच्याच घरचा नसल्यामुळे पंचांनी घेतला. नथूंना मध्येच डुलकी लागली. नरहरीने एकदा विचारलं, "कुटवर आलं?" आणि ऋषिकेशने सांगितलं, की तुमची फाइल अजून जुन्या जागीच आहे, आता निघेल. नरहरी पुढे सरकून बसला.

फाइल निघाली असावी आणि पोहोचली नसावी, अशा बेताला वरचा पंखा थांबला.

कम्प्युटरखालचा बॅटरीचा डबा चीं चीं करायला लागला. ऋषिकेशला वाटलं, फ्यूज उडाला. त्याने बाहेर डोकावून पाहिलं, तर रस्त्यापलीकडचं पिठाच्या गिरणीचं शटरही खाली होतं.

"लाइट गेली?" त्याने विचारलं.

"गुरवार हाय," शेखर म्हणाला.

"म्हणजे?"

"गुरवारी जाती. सांजच्याला येती."

माणमध्ये राहून त्याला दोन वर्षं झाली होती. पण त्याचा प्रत्येक गुरुवार आयटी पार्कात गेला होता, जिथे लाइट गेल्याचं फक्त जनरेटरला कळतं. पट्टी मध्यावर होती. अर्ध्यात थांबवली तर सगळं फिसकटणार आणि चालू ठेवली तर बॅटरी पुरणार नाही, हे त्याला स्पष्ट दिसत होतं.

"अहो, मग मला कुणी सांगितलं का नाही?" तो म्हणाला.

"तुमीच म्हनला व्हता, ह्ये मशीन खरं न्हाई," नरहरी शांतपणे म्हणाला. "म्हनलं, खऱ्या न्हाई त्या मशीनला लाइट कशाला लागंल."

डबा चीं चीं करून थकला आणि पडदा काळा झाला. हैबतराव म्हणाले, बांध अजून बसलेला नाही, तेव्हा कुणी उठायचं नाही. मग ते सगळे काळ्या पडद्यासमोर तसेच बसून राहिले. ऋषिकेशने आणखी दोनदा चहा मागवला.

उन्हं कलल्यावर पंखा फिरला. ऋषिकेशने मशीन चालू केलं. आत चालू करण्यासारखं काही सापडत नाही, असं मशीनने पांढऱ्या अक्षरांत सांगितलं. सी नव्हता आणि डीही नव्हता. थोरल्याचे सगळे भाडेकरू आणि धाकट्याचे सगळे तास एकाच वेळी नाहीसे झाले होते.

"गेलं?" शेखरने विचारलं.

"गेलं," ऋषिकेश म्हणाला.

तीन वर्षांत पहिल्यांदा दोघा भावांनी एकमेकांकडे सरळ पाहिलं. गेणबा खाटेवर उठून बसले आणि परत आडवे झाले. शेखरच्या बावीस खोल्यांत कोण राहतं, कुणाचं लग्न झालंय, कुणाचे कागद द्यायचे राहिलेत, ते सगळं त्या एका जागी होतं, आणि नरहरीचे महिनाभराचे तास ज्या गिऱ्हाइकांनी अजून कबूल केले नव्हते ते आता कबूल करणारही नव्हते. कुणी ऋषिकेशला दोष दिला नाही. गुरुवारला दोष द्यायची माणमध्ये सवयच आहे. रत्नाबाई दारातून पुढे आल्या आणि त्यांनी अगदी हळू विचारलं, "लेकरा, निगंल का रं मागारी कायतरी?"

ऋषिकेशच्या तोंडाशी उत्तर तयार होतं. एक दिवस द्या, आजी, एक सॉफ्टवेअर असतं, त्यातून काढून बघतो. एवढं बोलायचं, दार लावून घ्यायचं, पेन ड्राइव्ह लावायचा, आणि उद्या सकाळी सगळं जागच्या जागी. खोटं कुणाला कळलं नसतं. दोन्ही भाऊ त्याला देव मानायला लागले असते आणि वरचं बिऱ्हाड तर त्यांनी झाडून दिलं असतं. पण रत्नाबाई त्याच्याकडे बघत होत्या. सकाळचं एक खोटं त्याने कसंबसं गिळलं होतं, दुसरं काही केल्या घशाखाली उतरेना. त्याने खिशात हात घातला आणि पेन ड्राइव्ह सतरंजीवर हैबतरावांसमोर ठेवला. त्याच्यावर भंडारा लागला होता.

"दुसरी प्रत आहे," तो म्हणाला. "सकाळपासून होती. मी खोटी शपथ घेतली."

नथू हैबतरावांकडे बघू लागले, म्हणजे नंतर काय म्हणायचं ते कळावं. हैबतरावांनी पेन ड्राइव्ह हातात घेऊन उलटसुलट केला.

"ह्यात सगळं हाय?"

"सगळं. सकाळी होतं तसं."

"आदी लाव."

ऋषिकेशने लावला. जुना बांध जुन्या जागी उभा राहिला, शेखरचे भाडेकरू ओळीने परत आले, नरहरीने आपली फाइल उघडून तास मोजले आणि ते भरले. शेखरने मोठा मोकळा श्वास घेतला, नरहरीनेही घेतला, आणि दोघांनी तो एकदम घेतल्याचं लक्षात आल्यावर दोघेही दुसरीकडे बघू लागले. पंच उठून पायरीशी गेले आणि कुजबुजू लागले. हैबतरावांची कुजबुज सगळ्या आळीला ऐकू येत होती, तरी ऋषिकेश कान देत नव्हता. घर गेलं, हे त्याने धरूनच टाकलं होतं. क्षितिजाला काय सांगायचं, याची वाक्यं तो मनात लावत होता.

पंच परत येऊन बसले.

"दोन गोष्टी हायेत," हैबतराव म्हणाले. "बांध रविवारी हलवायचा. प्रत ऱ्हाऊ द्या, पर ती पंचांपाशी ऱ्हाईल. दोगा भावांनी एकसाथ मागितली तरच मिळंल." त्यांनी पेन ड्राइव्ह मुंडाशाच्या टोकाला बांधला. "दुसरी गोष्ट. ह्यानं खंडोबाची खोटी आन घेतली. कबूल केली हे ठीक हाय, पर आन ती आन. त्याला दंड हाय."

"दंड हाय," नथू म्हणाले.

"चंपाषष्ठीला ह्यानं तळी भरायची. वांग्याचं भरीत, बाजरीचा रोडगा. आमी पाच जन जेवनार. खानावळीतलं न्हाई, टपरीवरचं न्हाई. सवताच्या घरात, सवताच्या चुलीवर, जोडीनं."

ऋषिकेश म्हणाला, "तात्या, मला दंड मान्य आहे. पण मी कॉट बेसिसवर राहतो. खोलीत चार खाटा आहेत. चूल नाही."

"खाटंवर बसून तळी भरत न्हाईत," हैबतराव म्हणाले.

"लग्न त्याच्या आधी आहे. पण घर नसलं तर बायको माहेरीच राहणार आहे."

"मग देवाचं देनं कसं फेडनार तू?"

हैबतरावांनी मान वळवून शेखरकडे पाहिलं, मग नरहरीकडे पाहिलं, आणि त्या दोघांकडे आळीपाळीने इतका वेळ पाहिलं की गेणबांनाही खाटेवर उठून बसावं लागलं. "देवाचं देनं ह्याच्यावर निगतंय," हैबतराव म्हणाले, "आन त्ये तुमच्या कुलपांनी अडलंय. आता दोष ह्याला लागनार का तुमाला, त्ये तुमीच बगा."

शेखर उठला. नरहरीही उठला, कारण मागे राहिला असता तर दोष त्याच्या एकट्याच्या माथी आला असता. दोघे जिना चढले. त्यांच्या मागे ऋषिकेश, त्याच्या मागे पंच, आणि सगळ्यांत शेवटी, कठड्याला धरून, कधीही न चढणाऱ्या रत्नाबाई. शेखरचं कुलूप पहिल्या झटक्यात निघालं. नरहरीचं तीन पावसाळे खाऊन गंजलं होतं. किल्ली आत जाई, फिरत नसे. नरहरीने ओढलं, हिसडलं, शिव्या घातल्या. शेखर थोडा वेळ बघत राहिला.

"तसं न्हाई निगत," तो म्हणाला. "तेल आन."

कुणाला म्हणाला ते त्याने सांगितलं नाही. नरहरी क्षणभर थांबला, आणि खाली जाऊन ग्रीसचा डबा घेऊन आला. मग शेखरने कुलूप धरलं आणि नरहरीने किल्ली फिरवली. रत्नाबाई चौथऱ्यावरच्या पायरीवर बसल्या आणि पदर डोळ्यांना लावून रडल्या. तीन वर्षं त्या दोघांचे निरोप पोचवत होत्या, आणि आज एक निरोप त्यांच्याशिवाय पोचला होता.

आतमध्ये धूळ होती, ओटा होता, नळाला थोडं गढूळ आणि मग स्वच्छ पाणी आलं. पंचांनी ओट्याची उंची, चुलीची जागा, तळी भरायला पाच माणसं कुठे बसतील, ते बघून घेतलं आणि ते खाली गेले. ऋषिकेश बाहेरच्या खोलीत एकटाच उभा राहिला. मग त्याने बाहेर चौथऱ्यावर येऊन क्षितिजाला फोन लावला.

"घर मिळालं," तो म्हणाला.

"खरंच? कसं मिळालं?"

"खोटी शपथ घेतली म्हणून. शिक्षा आहे. चंपाषष्ठीपर्यंत तुला इथे यावं लागेल आणि आपल्याला पाच माणसांना रोडगे करून घालावे लागतील."

पलीकडे तिने आईला हाक मारून चंपाषष्ठी कधी आहे ते विचारलं.

"मला रोडगे येत नाहीत," क्षितिजा म्हणाली.

"मला येतात," ऋषिकेश म्हणाला. "तू फक्त ये."